शिफारसपत्र कोणत्या सरांकडून घ्यायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांसाठी

शिफारस म्हटलं की बेळगावात काय, निपाणीत काय, घरातली मोठी माणसं आधी ओळखी आठवायला लागतात. संस्थेचे चेअरमन नात्यातले निघतात, आमदारांचा पीए मामाचा वर्गमित्र असतो, एक फोन टाकला की लेटरहेडवर पत्र तयार. बदलीच्या कामाला ते चालत असेल. परदेशातली विद्यापीठं जे पत्र मागतात त्यात या लेटरहेडला काडीची किंमत नाही. ते एवढंच विचारतात: या मुलाला वर्गात, लॅबमध्ये काम करताना कोणी पाहिलंय, आणि काय पाहिलंय? चेअरमनसाहेबांना याचं उत्तर ठाऊक नसतं. प्रॅक्टिकलला दोन तास तुमच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या मॅडमना ठाऊक असतं.

आधी पत्र लागतंय का ते बघा

केसीईटी, एमएचटी-सीईटी, जेईई, नीट यातल्या कशालाही शिफारसपत्र लागत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांना महाराष्ट्रातल्या प्रवेशाला जे रहिवासाचे आणि मातृभाषेचे दाखले जोडावे लागतात, ते वेगळे. कॉलेजच्या ऑफिसातून मिळणारं स्टडी सर्टिफिकेट आणि कॅरॅक्टर सर्टिफिकेट म्हणजेही शिफारसपत्र नव्हे. ही गल्लत दरवर्षी होते. मुलगा ऑफिसात जाऊन ‘रेकमेंडेशन पायजे’ म्हणतो, क्लार्क छापील कॅरॅक्टर सर्टिफिकेटवर नाव घालून देतो, आणि ‘वर्तणूक चांगली’ एवढ्या दोन ओळींचा कागद अमेरिकेच्या अर्जाला जोडला जातो.

पत्र खरोखर लागतं ते इथं: सेकंड पीयूनंतर, म्हणजे बारावीनंतर, अमेरिकेत पदवीला जायचं असेल तर, ब्रिटनमध्ये यूकॅसमार्फत (तिथल्या पदवी प्रवेशाची सामायिक अर्जव्यवस्था) अर्ज करायचा असेल तर, बी.ई. किंवा बी.एस्सी.नंतर परदेशात एम.एस.ला जायचं असेल तर, आणि आपल्याच देशात विज्ञान अकादमींच्या समर रिसर्च फेलोशिपसारख्या ठिकाणी. फेलोशिपला तुमचं काम माहीत असलेल्या एका शिक्षकाचं पत्र लागतं. यूकॅसला एकच रेफरन्स असतो. अमेरिकेतल्या एम.एस.ला सहसा तीन, युरोपात बऱ्याच ठिकाणी दोन. आपल्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाच्या साइटवर जाऊन तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या: किती पत्रं, कोणाची चालतात (फक्त शिक्षक की नोकरीतले साहेबही), आणि शेवटची तारीख कोणत्या देशाच्या वेळेनुसार. मगच शिक्षकांचा विचार सुरू करा.

यादी कागदावर करा, मनात नको

एक ए-फोर कागद आडवा धरा. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी तुम्हाला शिकवलं त्या सगळ्यांची नावं डावीकडे लिहा. आवडते-नावडते असं काही न बघता सगळ्यांची, लॅबच्या आणि लायब्ररीच्या सरांचीही. आता प्रत्येक नावापुढं चार रकाने.

पहिला रकाना: विषय. पुढं जे शिकायचंय त्याच्याशी त्यांच्या विषयाचा संबंध किती? कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्यानं गणित किंवा फिजिक्सचं एक पत्र धरावं. काही ठिकाणी नियमच ठरलेले असतात. उदाहरणार्थ अमेरिकेतल्या एमआयटीला पदवीच्या अर्जात एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं भाषा, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयाच्या शिक्षकाचं हवं असतं. आपल्याकडं पीयू सायन्सच्या मुलांच्या डोक्यात पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी) सोडून दुसरं काही नसतं. मग कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीच्या ज्या सरांना दोन वर्षं ओळख दिली नाही, त्यांच्याच दारात उभं राहायची वेळ येते.

दुसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा: प्रसंग. या शिक्षकांनी तुम्हाला काय करताना पाहिलंय? एक तरी नेमका प्रसंग लिहिता आला पाहिजे, तारीख नसली तरी चालेल. ‘मी चांगला वागतो’ हा प्रसंग नाही. ‘सेमिनारमध्ये प्रश्न विचारला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच उत्तर शोधून नेलं’ हा प्रसंग आहे. एकही आठवत नसेल तर त्या नावावर काट मारा, त्या विषयात ९८ मार्क असले तरी. मार्क विद्यापीठाला मार्क्स कार्डावर दिसतातच. तेच पुन्हा पत्रात आले तर एक जागा फुकट गेली.

तिसरा रकाना: हे शिक्षक लिहितील का आणि पाठवतील का? ईमेल रोज बघतात का, ऑनलाइन फॉर्म भरायची सवय आहे का, दिलेला शब्द पाळतात का. ही बाब क्षुल्लक वाटते, पण बहुतेक अर्ज इथंच अडकतात.

चौथा रकाना: अर्जाच्या वेळी ते असतील का? सरकारी पीयू आणि डिग्री कॉलेजांत गेस्ट लेक्चरर पुष्कळ असतात. त्यांची नेमणूक त्या-त्या शैक्षणिक वर्षापुरती असते, पुढच्या जूनमध्ये ते दुसऱ्या तालुक्यात असू शकतात. कायम शिक्षकांच्या बदल्या होतात, राज्य सरकारच्या सेवेतले ६० व्या वर्षी निवृत्त होतात. यातलं काहीही पत्राला आड येत नाही. गेलेल्या शिक्षकांचं पत्र चालतं. फक्त त्यांनी कोणत्या काळात, कोणत्या पदावर, कुठं शिकवलं हे स्पष्ट लिहायचं. मात्र ते जायच्या आधी त्यांना विचारून ठेवा आणि त्यांचा स्वतःचा फोन नंबर व ईमेल घ्या. कॉलेजकडून नंतर तो मिळेलच असं नाही.

चारही रकाने भरले की बहुतेक कागदांवर चार-पाच नावंच उरतात. त्यातून हवी तेवढी आणि एक राखीव निवडा. राखीव नाव वहीतच ठेवू नका, त्यांनाही आधी विचारून ठेवायचं.

दुसऱ्या रकान्यात काय बसतं, ते एका उदाहरणावरून

समजा फिजिक्सच्या मॅडमनी एका मुलीबद्दल लिहिलं: ‘ही विद्यार्थिनी अत्यंत हुशार, मेहनती व आज्ञाधारक असून कॉलेजच्या सर्व उपक्रमांत हिरिरीने भाग घेते.’ हे वाक्य वर्गातल्या ६० जणांपैकी कोणाच्याही नावानं पाठवता येईल. शिवाय ‘आज्ञाधारक’ ही आपल्याकडं स्तुती असली तरी तिकडच्या वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की पोरगी सांगितलेलं करते.

आता त्याच मॅडमनी असं लिहिलं तर: ‘लोलकाच्या प्रयोगात हिचं गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.४८ आलं. वर्गातल्या काही जणांनी आकडे मागून जुळवून ९.८ केलं. हिनं तसं न करता पुन्हा मोजमाप केलं आणि दोऱ्याची लांबी गोळ्याच्या हुकापर्यंतच, ६० सेंटिमीटर, धरल्याचं शोधून काढलं. गोळ्याच्या मध्यापर्यंतचे २ सेंटिमीटर राहिले होते. जर्नलमध्ये हिनं चुकीचं आणि बरोबर अशी दोन्ही उत्तरं ठेवली.’ पाच वाक्यांत त्या मुलीचा प्रामाणिकपणा, चिकाटी आणि विषयाची समज तिन्ही आली, आणि त्यातला एकही शब्द वापरावा लागला नाही. असं लिहू शकणारी व्यक्ती शोधायची. ती एचओडी (विभागप्रमुख) असेल, नाहीतर लॅब घेणारी तीन वर्षांपूर्वी लागलेली लेक्चरर.

म्हणूनच ज्या विषयात तुम्ही आधी पडलात आणि मग सावरलात त्या विषयाचे शिक्षक कधीकधी पहिल्या नंबराच्या विषयातल्या शिक्षकांपेक्षा चांगलं लिहितात. पहिल्या युनिट टेस्टला १२ आणि शेवटी ७१, हा प्रवास त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

मराठी माध्यमातून पीयूला आलेल्यांची अडचण

इथं जरा थांबायला हवं, कारण सीमाभागातल्या मुलांचं घोडं इथंच अडतं. दहावीपर्यंत मराठी शाळा, तीही बहुतेक गावातली. हायस्कूलच्या गुरुजींना तुमच्या घरच्या म्हशीपासून आजीच्या गुडघ्यांपर्यंत सगळं माहीत. पीयूला आलात की सगळं इंग्रजीत, वर्गात ७०-८० मुलं, शिकवणारे कन्नड भाषिक. पहिले सहा महिने शेवटच्या बाकावर गप्प बसण्यात जातात. सेकंड पीयूत पाय रोवतात तोवर सीईटी आणि बोर्ड समोर. परिणाम असा की जे शिक्षक ओळखतात ते दहावीचे, आणि ज्यांचं पत्र हवं त्या पीयूच्या शिक्षकांना तुमचा चेहराही आठवत नाही.

हायस्कूलच्या गुरुजींचं पत्र मुख्य पत्र म्हणून चालेलच असं नाही. अमेरिकेतल्या पदवीसाठी बहुतेक कॉलेजांना अकरावी-बारावीतले शिक्षक हवे असतात, म्हणजे आपले फर्स्ट आणि सेकंड पीयूचे. गुरुजींचं पत्र जादा पत्र म्हणून जोडता येतं, तेही कॉलेज घेत असेल तरच. खाजगी क्लासच्या सरांचंही तेच. टिळकवाडीतल्या क्लासला रोज तीन तास जात असाल आणि ते सर तुम्हाला आतून-बाहेरून ओळखत असतील, तरी ते तुमच्या कॉलेजचे शिक्षक नाहीत. कॉमन ॲपमध्ये (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकच ऑनलाइन अर्ज करायची सोय) अशांसाठी ‘इतर’ असा वेगळा रकाना आहे, त्यात त्यांना घाला. शिक्षकाच्या जागी घालू नका.

यावर उपाय फर्स्ट पीयूच्या जूनपासून सुरू होतो, आणि तो इंग्रजी सुधारण्याच्या आधी करता येतो. दर आठवड्याला एका तरी शिक्षकांना तासानंतर एक खरी शंका विचारायची. वाक्य मोडकंतोडकं असलं तरी चालेल, वहीतलं गणित बोट ठेवून दाखवता येतं. लॅबमध्ये उपकरण लावायला आणि आवरायला मागं थांबायचं. एखाद्या विषयाचं जास्तीचं काम मागून घ्यायचं. कन्नड भाषिक सरांना विचारताना संकोच नको. आपण मराठी म्हणून ते मनापासून लिहिणार नाहीत ही भीती घरातल्या चर्चेतून येते. वर्गात ज्यांना शंका विचारल्यात ते सर ती शंका लक्षात ठेवतात. सेकंड पीयूत असाल आणि हे वाचेपर्यंत ऑगस्ट उजाडला असेल तरी हात टेकू नका. दोन महिने जर्नल आणि शंका घेऊन एकाच शिक्षकांकडे नेमानं गेलात तरी लिहिण्यासारखं काही तयार होतं.

शिक्षकांना इंग्रजीत लिहिणं जड जात असेल तर त्यांनी मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहावं. त्याचं भाषांतर कॉलेजातल्या इंग्रजीच्या लेक्चररनी करावं, त्याखाली त्यांची सही असावी, आणि मूळ पत्र व भाषांतर दोन्ही एकत्र जावं. भाषांतर तुम्ही स्वतः किंवा दादा-ताईनं करायचं नाही. आणि इंग्रजी साधं असलं तर ते साधंच राहू द्या. शब्दकोशातून काढलेल्या जड विशेषणांनी पत्र बनावट वाटतं.

प्रिन्सिपलना कुठं वापरायचं

कॉमन ॲपमध्ये दोन प्रकारची माणसं लागतात. एक काउन्सेलर: तो शाळेची माहिती, मार्कांचा उतारा आणि स्वतःचं एक पत्र पाठवतो. दुसरे विषय शिक्षक. आपल्या पीयू कॉलेजांत काउन्सेलर हे पद सहसा नसतंच. ते काम प्रिन्सिपल किंवा व्हाइस प्रिन्सिपल करतात. म्हणजे प्रिन्सिपलांचं नाव तिथं येतंच आहे. त्यांनाच पुन्हा विषय शिक्षकाच्या जागी घालून ती जागा वाया घालवू नका. त्यांना भेटायला जाताना नववी, दहावी, फर्स्ट पीयू अशा सगळ्या वर्षांचे मार्क बरोबर न्या, कारण अर्जाला चार वर्षांचा हिशेब लागतो. नववीचे मार्क मिळवायला हायस्कूलच्या क्लार्ककडे जावं लागतं आणि जुनं रजिस्टर शोधायला त्यांना आठवडा लागू शकतो.

शिक्षकांच्या फॉर्ममध्ये पत्राखेरीज एक तक्ताही असतो: लेखन, वर्गातली चर्चा, स्वतःहून पुढाकार, अपयश पचवणं अशा पंधरा-सोळा बाबींवर टिक करायची. ‘सांगण्याइतकी माहिती नाही’ असाही एक पर्याय आहे. तुम्हाला न ओळखणारे मोठे साहेब प्रामाणिक असले तर तिथं ओळीनं त्याच पर्यायावर टिक करतील.

बी.ई., बी.एस्सी.वाल्यांनी तीन नावं कशी निवडावीत

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) कॉलेजांत एचओडींकडे दरवर्षी रांग लागते आणि एकाच साच्यातली पत्रं बाहेर पडतात. एचओडींनी तुम्हाला शिकवलं असेल तर ठीक. नसेल तर असं बघा. पहिलं नाव फायनल इयर प्रोजेक्टच्या गाइडचं. गाइड नुसते सही करणारे असतील तर मिनी प्रोजेक्ट किंवा टेक्निकल सेमिनार ज्यांनी खरोखर बघितला त्यांचं. दुसरं नाव ज्यांनी दोन वेगवेगळ्या सेमिस्टरला दोन विषय शिकवले त्यांचं, कारण त्यांनी तुमची वाढ पाहिलेली असते. तिसरं इंटर्नशिपमधल्या साहेबांचं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये आठ आठवडे काम केलं असेल, तर तिथले प्रॉडक्शन मॅनेजर ‘रिजेक्शन का वाढलं हे शोधायला हा पोरगा दोन शिफ्ट थांबला’ असं लिहू शकतात, आणि कॉलेजात ते कोणाला लिहिता येणार नाही. फक्त तीनपैकी दोन पत्रं शिक्षकांचीच ठेवा, रिसर्चकडे वळणाऱ्यांनी तिन्ही.

तिन्ही पत्रं एकाच गोष्टीवर नकोत. तिघांनीही तुमच्या प्रोजेक्टचंच कौतुक केलं तर विद्यापीठाला एकच पत्र तीनदा वाचल्यासारखं होतं. कोण काय लिहू शकेल हे आधीच वाटून ठेवा: एक प्रोजेक्ट, एक वर्गातलं आणि परीक्षेतलं, एक कामावरचं.

हिशेबही मांडा. ८ विद्यापीठं गुणिले ३ पत्रं म्हणजे २४ अपलोड. कॉमन ॲपमध्ये शिक्षकांनी एकदा पत्र चढवलं की सगळ्या कॉलेजांना जातं. एम.एस.ला तसं नाही, प्रत्येक विद्यापीठाची पत्र चढवायची लिंक सरांच्या ईमेलवर वेगळी येते आणि प्रत्येक ठिकाणी फॉर्म नव्यानं भरावा लागतो. १५ विद्यापीठांचा मोह आवरा. सहा-आठवर थांबलात तर सर शेवटपर्यंत साथ देतील.

नात्यातले शिक्षक चालत नाहीत. गावाकडं हे सोपं नसतं, हायस्कूलमध्ये काका आणि कॉलेजात मावसभाऊ असतो. नुसतं आडनाव सारखं असेल तर काळजी नको. बेळगाव तालुक्यात पाटलांना तोटा नाही. पण परदेशी वाचकाला ते ठाऊक नसतं, म्हणून ‘विद्यार्थ्याशी माझं नातं नाही’ एवढं एक वाक्य सरांनी घातलेलं बरं.

केव्हा आणि कसं विचारायचं

शेवटच्या तारखेच्या आधी सहा ते आठ आठवडे. आपल्या कॅलेंडरवर मांडून बघा. अमेरिकेतल्या पदवीच्या लवकरच्या अर्जांची तारीख पुष्कळ ठिकाणी १ नोव्हेंबर असते. त्या दिवशी इकडे कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी आणि मराठी भाषिकांचा काळा दिन, म्हणजे कॉलेज बंद, ऑफिस बंद, शिक्का कुलपात. त्याच्या आधी दसऱ्याची सुट्टी, मागं-पुढं दिवाळी. शिवाय शिक्षकांवर बाहेरच्या ड्युट्या येतात. २०२५ मध्ये सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी शाळांची दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली होती आणि शिक्षक घरोघरी फिरत होते. म्हणून १ नोव्हेंबरच्या अर्जासाठी ऑगस्टमध्ये, गणपतीच्या गडबडीआधी विचारायचं. एम.एस.च्या १५ डिसेंबरच्या आसपासच्या तारखांसाठी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.

समक्ष भेटा. व्हॉट्सॲपवर ‘सर एलओआर हवा होता’ (एलओआर म्हणजे हेच शिफारसपत्र) असा मेसेज टाकून मोकळं व्हायचं नाही. तास संपताना दारात किंवा स्टाफरूममध्ये चारचौघांत गाठूनही विचारू नका. ‘सर, १० मिनिटं हवी होती, कधी येऊ?’ असं विचारून वेळ घ्या. भेटल्यावर असं म्हणा: ‘सर, परदेशातल्या अर्जासाठी तुमचं पत्र हवं होतं. माझ्या कामाबद्दल नेमकं काही लिहिण्याइतकं तुम्हाला आठवतंय का? नसेल तर तसं सांगा सर, मला वाईट वाटणार नाही.’ या शेवटच्या वाक्यात सरांना सुटायला वाट आहे, आणि ती ठेवायलाच हवी. आपल्याकडं तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘बघूया की’, ‘आधी प्रिन्सिपलना विचार जा’, ‘परीक्षा झाल्यावर ये’ ही सगळी नकाराचीच रूपं. एकदा आठवण करून पाहा, पुन्हा तेच उत्तर आलं तर आभार मानून राखीव नावाकडे वळा. मन नसलेल्या माणसाकडून ओढून घेतलेलं पत्र कोमट निघतं.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे उत्तर सर्रास मिळतं, आणि सरांना वेळ नसतो हेही खरं आहे. तरी लिहून नेऊ नका. तीन पत्रं एकाच हातची असली की वाक्यांची ठेवण, आवडते शब्द, स्वल्पविराम, अगदी फॉन्टसुद्धा सारखे येतात आणि वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. एकाच लॅपटॉपवरून तिन्ही चढवली तर तेही पकडता येतं. शंका आली की अख्खा अर्ज बाद होऊ शकतो. सरांना म्हणा, ‘पत्र तुमच्याच शब्दांत हवं असं तिथं लिहिलंय सर, मुद्दे मी काढून आणतो.’

मुद्द्यांचा कागद

हा कागद एकच पान असावा. वर तुमचं नाव, पासपोर्टवर आहे तसं. मार्क्स कार्डावर नुसतं इनिशियल, कॉलेजात टोपणनाव आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट, असा घोळ आपल्याकडं घरोघरी असतो. पत्रात वेगळं नाव गेलं की अर्जाशी जुळवताना गोंधळ होतो. खाली यूएसएन (व्हीटीयूचा विद्यार्थी क्रमांक) किंवा रोल नंबर, कोणत्या वर्षी कोणता विषय त्यांच्याकडे होता, आणि किती मार्क.

मग तीन प्रसंग, प्रत्येकी दोन-तीन ओळी. फक्त त्या शिक्षकांच्या डोळ्यांसमोर घडलेले. केमिस्ट्रीच्या मॅडमना तालुक्याच्या कबड्डीचं सांगून उपयोग नाही, त्या ते पाहायला नव्हत्या. प्रत्येक शिक्षकांचा कागद वेगळा करायचा. त्याखाली काय शिकायचंय आणि का, हे दोन ओळींत. शेवटी विद्यापीठांचा तक्ता: नाव, अभ्यासक्रम, तारीख (भारतीय वेळेत काढलेली), लिंक येणार की पीडीएफ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डिसेंबरात रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९. सरांना मात्र तीन दिवस आधीचीच तारीख लिहून द्या. सोबत मार्क्स कार्डांची आणि जमल्यास त्यांनीच तपासलेल्या रिपोर्टची झेरॉक्स जोडा.

अपलोडच्या वेळी काय अडतं

ईमेल पत्ता सरांच्या समोर बसून एकेक अक्षर वाचून घ्या. एक टिंब राहिलं की लिंक हवेत जाते आणि दोघंही महिनाभर एकमेकांची वाट बघत बसतात. बऱ्याच विद्यापीठांना कॉलेजच्या नावाचा ईमेल हवा असतो, जीमेल नको. कॉलेजनं शिक्षकांना असा पत्ता दिलाय का ते विचारा. कधीकधी दिलेला असतो आणि कोणी उघडलेलाच नसतो. नसेलच, तर पत्र लेटरहेडवर, खाली पद, कॉलेजचा फोन नंबर, सही आणि शिक्का. विद्यापीठाला आधीच दोन ओळींचा मेल टाकून कळवा की आमच्या कॉलेजात शिक्षकांना संस्थेचा ईमेल नाही.

लिंक पाठवली की त्याच दिवशी सरांना फोन करून स्पॅम बघायला सांगा. अर्जात ‘पत्र वाचण्याचा हक्क सोडता का’ असा प्रश्न येतो, तिथं हो म्हणा. हक्क राखून ठेवलेलं पत्र मोकळेपणानं लिहिलेलं नाही असं धरलं जातं, आणि कॉमन ॲपमध्ये शिक्षकांना निमंत्रण गेल्यावर हे उत्तर बदलता येत नाही. फॉर्म भरताना सरांना मदत लागली तर कॉम्प्युटर लॅबमधल्या कोणाला तरी बसवा. तुम्ही त्यांच्या शेजारी बसून तक्त्यात टिका मारायच्या नाहीत.

तारखेच्या दोन आठवडे आधी एक आठवण, चार दिवस आधी दुसरी. एवढ्यावरही पोर्टलवर पत्र आलेलं दिसत नसेल तर मेसेज पुरे, थेट कॉलेजात जा. आदल्या दिवशी राखीव शिक्षकांना लिंक पाठवा आणि विद्यापीठाला कळवा. अर्ज वेळेत गेला असेल तर शिक्षकांच्या पत्रासाठी पुष्कळ ठिकाणी दोन-चार दिवस सांभाळून घेतात. अर्ज स्वतः उशिरा गेला तर नाही.

बेळगावच्या कुंद्याचा (मिठाईचा) डबा पत्राआधी न्यायचा नाही, ते अवघडल्यासारखं होतं. निकाल लागला की न्या. प्रवेश नाही मिळाला तरी फोन करून सांगा. स्कॉलरशिपच्या अर्जासाठी मार्चमध्ये बहुतेक पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागतं, आणि मुद्द्यांचा तो कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये अजून असतो.